अँडी रुइझविरुद्धच्या परतीच्या लढतीत जोशुआ पळत होता का?

प्रश्न असा आहे: ७ डिसेंबर २०१९ ला सौदी अरेबियातल्या दिरिया इथे ब्रिटिश बॉक्सर अँथनी जोशुआने अँडी रुइझला गुणांवर हरवलं आणि सहा महिन्यांपूर्वी त्याच्याकडूनच गमावलेले हेवीवेटचे, म्हणजे सगळ्यात जड वजनगटातल्या विजेतेपदाचे, पट्टे परत मिळवले. पण बाराही फेऱ्या तो मागे सरकत आणि गोल फिरत राहिला. एका गटाचं म्हणणं, हा रडीचा डाव होता. दुसरा गट म्हणतो, ही बॉक्सिंगची शिकवणी होती. खरं कोणाचं? आणि आपल्याकडच्या शिकणाऱ्या मुलांनी यातून काही घ्यावं का?

मी बरीच वर्षं हौशी बॉक्सरांना शिकवतो आहे, त्यामुळे पायांपासून सुरुवात करतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. जोशुआ त्या रात्री पळाला नाही. आपण पहिल्यांदा नेमकं कुठे मार खाल्ला होता हे त्याने शोधून काढलं आणि ती जागा बारा फेऱ्या बंद ठेवली. त्याच्यावर टीका करायला जागा आहे, पण ‘पळपुटा’ म्हणणारे बोट ठेवतात तिथे ती नाही.

डिसेंबर समजायचा तर १ जून २०१९ ची न्यूयॉर्कची लढत पाहावी लागेल, आणि तिच्यातली तिसरी फेरी. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जोशुआसमोर जॅरेल मिलर उभा राहणार होता. उत्तेजक चाचण्यांत तो दोषी ठरला आणि ऐनवेळी रुइझला बोलावणं आलं. तिसऱ्या फेरीत जोशुआने डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, रुइझला खाली बसवलं. रुइझ व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदा खाली गेला होता. तो उठला, आणि जोशुआ लढत तिथेच संपवायला धावला. उजवा, डावा, पुन्हा उजवा असे जवळून ठोसे सुरू झाले आणि त्या गर्दीत रुइझचा डावा हुक जोशुआच्या कानशिलावर बसला. पायातली ताकद तिथेच गेली. त्याच फेरीत जोशुआ दोनदा खाली गेला, सातव्या फेरीत आणखी दोनदा, आणि रेफरी माइक ग्रिफिनने लढत थांबवली.

बहुतेकांना त्या रात्रीतली जोशुआची पडझड आठवते. मला ठोसा बसण्याआधीचे दोन-तीन सेकंद जास्त महत्त्वाचे वाटतात. जोशुआचे पाय जवळजवळ एका रेषेत आले होते, हनुवटी वर होती आणि आपला ठोसा मारून झाल्यावरही तो त्याच जागी उभा होता. रुइझला याहून चांगली जागा मिळाली नसती. अनेकांनी त्याचं पोट पाहून त्याला कमी लेखलं. पण त्या वजनाच्या माणसांत एवढे जलद हात फार थोड्यांचे. तो एक ठोसा मारून थांबत नाही, तीन-चार सलग मारतो, आणि त्याचे हात आखूड असल्यामुळे जवळच्या अंतरात ते लांब हातवाल्याच्या आधी पोचतात. समोरच्याने ठोसा मारला की त्याच क्षणी तोही मारतो. म्हणजे त्याच्याशी ‘तू एक, मी एक’ करायला जाल तर तुमच्या एकाला त्याचे तीन मिळतात.

आता उलट बाजू बघा. जोशुआची उंची १९८ सेंटिमीटर, हातांचा पल्ला ८२ इंच. रुइझ १८८ सेंटिमीटर, पल्ला ७४ इंच. आठ इंचांचा फरक. लांबून रुइझला काहीच करता येत नाही. आत शिरण्यासाठी त्याला दोन पावलं टाकावी लागतात, आणि ती टाकताना त्याचे हात मोकळे नसतात. जोशुआने जूनमध्ये ही आठ इंचांची देणगी स्वतःहून टाकून दिली होती. डिसेंबरमध्ये त्याने ती परत घेतली. सगळा डावपेच या एका गोष्टीत आहे, बाकी तपशील तिच्यातून निघतात.

त्यासाठी पहिलं काम वजनाचं झालं. जूनमध्ये जोशुआचं वजन सुमारे ११२ किलो होतं. डिसेंबरमध्ये ते १०८ च्या आसपास आणलं. कमी झालेले ते चार-साडेचार किलो लोकांना किरकोळ वाटतात. छत्तीस मिनिटं पंजांवर राहून सरकायचं असेल तर पोटऱ्यांना त्यांचा हिशोब कळतो. जूनमधला जोशुआ ठोशासाठी घडवलेला होता, छाती-खांदे भरलेले. डिसेंबरमधला पायांसाठी घडवला होता. रॉब मॅक्क्रॅकेन मुख्य प्रशिक्षक होतेच, त्यांच्या जोडीला आणखी सहायक आले, आणि सरावाचा रोख कुठे होता ते पहिल्याच फेरीत दिसलं. रुइझ मात्र उलट दिशेने गेला. जूनमध्ये सुमारे १२१.५ किलो असलेला माणूस डिसेंबरमध्ये १२८.५ च्या वर होता. लढतीनंतर त्याने स्वतःच मान्य केलं की वजन जास्त झालं आणि तयारी हवी तशी झाली नाही.

मग जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. जोशुआचा त्या रात्रीचा जॅब दोन प्रकारचा होता आणि हा फरक नीट पाहण्यासारखा आहे. एक जॅब खरा, लागण्यासाठी मारलेला. दुसरा नुसता हात पुढे करून समोरच्याच्या डोळ्यांसमोर ठेवलेला, त्याचं पाऊल अडवण्यासाठी. रुइझने पुढचं पाऊल उचललं की हा हात समोर यायचा, रुइझ थबकायचा, आणि तेवढ्यात जोशुआ अर्धं पाऊल बाजूला गेलेला असायचा. अधूनमधून जॅबच्या मागे सरळ उजवा. पहिल्याच फेरीत अशा एका उजव्याने रुइझच्या डाव्या डोळ्यावर जखम झाली. ज्यांना जोशुआ ‘फक्त पळताना’ दिसतो त्यांनी ती पहिली फेरी आवाज बंद करून पुन्हा पाहावी. पळणाऱ्याच्या हातून पहिल्या तीन मिनिटांत समोरच्याची भुवई फुटत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ठोशानंतरची. जूनमध्ये जोशुआ मारून उभा राहायचा. डिसेंबरमध्ये मारला की बाहेर. एक-दोन, आणि बाहेर. बाहेर पडणंही सरळ मागे क्वचित. बहुतेक वेळा तिरकं, बाजूने. यात शिकवणाऱ्याला आनंद देणारं बारीक काम आहे. सरळ मागे जाणारा माणूस शेवटी दोरांवर आदळतो आणि रुइझसारख्याला तेच हवं असतं. जोशुआ दोन्ही बाजूंना फिरला. आपल्या डाव्या बाजूला सरकला की रुइझचा डावा हुक, म्हणजे जूनमध्ये त्याचा घात करणारा ठोसा, त्याच्यापासून लांब पडायचा. आणि अंतर कमी झालंच तर तो त्या मधल्या पट्ट्यात थांबला नाही: एकतर बाहेर, नाहीतर पूर्ण आत जाऊन मिठी. रुइझचं राज्य मधल्या पट्ट्यात चालतं. त्या पट्ट्यात जोशुआ जवळजवळ राहिलाच नाही.

याला भीती म्हणायची का? जूनमधली आठवण मनात नक्कीच होती, नसती तर तो मूर्ख ठरला असता. पण घाबरलेल्या बॉक्सरची ओळख आम्हाला कोपऱ्यातून चटकन पटते. तो डोळे मिटतो, ठोसा येण्याआधीच मान वळवतो, जॅब अर्ध्यातून मागे घेतो, आणि दमतो. भीतीमुळे श्वास अडकतो, म्हणून घाबरलेला माणूस कमी काम करूनही पाचव्या-सहाव्या फेरीत संपतो. जोशुआ बाराव्या फेरीतही पहिल्या फेरीच्या चालीने सरकत होता आणि डोळे शेवटपर्यंत रुइझच्या छातीवर होते. एवढी मोजून-मापून केलेली हालचाल घाबरलेल्या माणसाला जमत नाही.

‘पण पुढे तर रुइझ जात होता, मग त्याला गुण का नाहीत?’ हा दुसरा आक्षेप. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पंच चार गोष्टी बघतात: स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. ‘परिणामकारक’ हा शब्द इथे फुकट ठेवलेला नाही. पुढे चालणं म्हणजे आक्रमण नव्हे. पुढे चालून ठोसा लागला तर आक्रमण. ठोशांची मोजणी सांगते की जोशुआने ३६५ मारले, १०७ लागले. रुइझने ३०१ मारले, ६० लागले. बारा फेऱ्यांत साठ म्हणजे फेरीला पाच. फेरीला पाच ठोसे लावणारा माणूस कितीही पुढे चालला तरी फेरी त्याची होत नाही. दोन पंचांनी ११८-११०, तिसऱ्याने ११९-१०९ दिलं, म्हणजे दोघांच्या मते रुइझला दोन फेऱ्या, तिसऱ्याच्या मते एक. हे गुण मला वाजवी वाटतात. रुइझला मी फार तर तीन फेऱ्या देईन. त्यातली आठवी त्याचीच, कारण त्या फेरीत तो आत शिरला आणि त्याचे जड हात जोशुआला लागले.

आठव्या फेरीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. जूनमधला जोशुआ त्या ठोशांना उत्तर द्यायला थांबला असता. डिसेंबरमधल्या जोशुआने मिठी मारली, श्वास घेतला आणि पुन्हा लांब गेला. मार खाल्ल्यावर परत द्यावासा वाटणं ही बॉक्सरची सगळ्यात जुनी खोड आहे. शिकवून ती जात नाही, फार तर ताब्यात येते. हजारोंचा आरडाओरडा कानावर पडत असताना, आपल्या नावावर तोवर एकवीस नॉकआउट असताना, ती खोड दाबून ठेवणं सोपं नव्हतं. मला विचाराल तर त्या रात्रीचं खरं धैर्य तिथे दिसलं.

आपल्या मराठी प्रेक्षकाला ही लढत का खटकते याचा मी विचार केला आहे. आपली नजर कुस्तीच्या फडावर तयार झालेली आहे. निकाली कुस्ती म्हणजे पाठ जमिनीला लागली पाहिजे. गुणांवर सुटलेल्या कुस्तीला टाळ्या कमी पडतात आणि अंग चोरणाऱ्या मल्लाला हलगीवालाही सोडत नाही. हेवीवेट बॉक्सिंगचंही जगभर थोडं तसंच आहे. या वजनात माणूस पडताना पाहायला लोक येतात. ही अपेक्षा मला चुकीची वाटत नाही, मी स्वतः त्याच फडांवर वाढलो. पण प्रेक्षकाची अपेक्षा आणि बॉक्सरचं काम यांत फरक करावा लागतो. जोशुआने त्या रात्री प्रेक्षकांना कमी दिलं, पण स्वतःचं काम चोख केलं.

रुइझचा वाटाही विसरू नये. रिंग लहान करणं ही एक कला आहे. समोरचा सरकतो तेव्हा त्याच्या मागे चालायचं नसतं. तो जिथे पोचणार तिथे आपण आधी पाऊल टाकायचं, त्याला कोपऱ्याकडे वळवायचं, बाहेर पडायची वाट खांद्याने बंद करायची. रुइझ बहुतांश वेळ जोशुआच्या मागे सरळ चालत राहिला. जोशुआ वळला की तोही वळला, आणि प्रत्येक वळणावर जॅब खाल्ला. कोपऱ्यातून त्याचे प्रशिक्षक मॅनी रोब्लेस त्याला जास्त हात चालवायला सांगत होते, पण आदल्या सहा महिन्यांत वाढवलेलं ते वजन पायांना साथ देत नव्हतं. धडाला मारायचे ठोसेही त्याने फार कमी वापरले. सरकणाऱ्याचे पाय मंद करायचे असतील तर त्याच्या बरगड्यांत मारावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून तिथे गुंतवणूक केली असती तर दहाव्या फेरीत जोशुआ तसा सरकू शकला असता का, याबद्दल मला शंका आहे.

जुनी उदाहरणं या वादात नेहमी निघतात. लेनॉक्स लुईस एप्रिल २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हसीम रहमानकडून पाचव्या फेरीत बाद झाला आणि नोव्हेंबरमध्ये लास वेगसला त्याने रहमानला चौथ्या फेरीत आडवं केलं. ‘विजेत्याने असा हिशोब चुकता करावा’ असं लोक म्हणतात. लुईसची ती लढत मलाही आवडते. पण तो रहमानकडून हरला ते गाफीलपणाने, तयारी अपुरी असल्यामुळे. रहमानची शैली त्याला जड जात नव्हती. त्यामुळे तयारी केली की काम झालं. जोशुआचा प्रश्न वेगळा होता. रुइझची शैलीच त्याच्या नेहमीच्या सवयींवर बोट ठेवणारी होती. नुसतं जास्त तयार होऊन, तीच लढत पुन्हा खेळून तो प्रश्न सुटला नसता.

मला जास्त जवळचं वाटतं ते २८ जानेवारी १९७४ चं उदाहरण. मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची दुसरी लढत. १९७१ मध्ये फ्रेझर जिंकला होता, डोकं खाली घालून आत शिरत आणि डाव्या हुकने पंधराव्या फेरीत अलीला खाली पाडून. दुसऱ्या खेपेला दोघांपैकी कोणाकडेही विजेतेपद नव्हतं, ते जॉर्ज फोरमनकडे होतं. अलीने दोन-तीन झपाट्याचे ठोसे मारायचे आणि फ्रेझर आत येताच डाव्या हाताने त्याची मान धरून खाली दाबायची, असं बारा फेऱ्या केलं आणि गुणांवर जिंकला. फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच त्या मान धरण्यावर इतके चिडले की १९७५ मध्ये मनिलाच्या तिसऱ्या लढतीसाठी रेफरी कोण असावा यावर ते अडून बसले. अलीची ती लढत आज फार कमी लोक आठवतात, आणि आठवणारेही प्रेमाने आठवत नाहीत. नियमांच्या काठावर तर अली जोशुआपेक्षा कितीतरी जास्त चालला होता. पण अलीला त्याबद्दल कोणी पळपुटा म्हणत नाही, कारण मनिला नंतर आलं.

जोशुआच्या बाबतीत नंतर जे आलं, तिथे माझी टीका सुरू होते. रुइझविरुद्ध मिळालेलं उत्तर हे एका माणसासाठीचं उत्तर होतं: बुटका, आखूड हातांचा, त्या रात्री जड, रिंग कापता न येणारा. २५ सप्टेंबर २०२१ ला टॉटनहॅमच्या मैदानावर ऑलेक्झांडर उसिक समोर आला तेव्हा जोशुआ पुन्हा लांबून, मोजूनमापून खेळायला निघाला. उसिक डावखुरा, पायांनी त्याच्याहून चपळ आणि कोनांचा उस्ताद. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोघांनी आपापल्या वजनगटात सुवर्ण जिंकलं होतं, पण जोशुआ तोवर थोडीच वर्षं रिंगमध्ये होता आणि उसिकच्या मागे हौशी बॉक्सिंगचा लांब प्रवास होता. लांबून बॉक्सिंग करायची स्पर्धा लावली तर उसिकच जिंकणार हे उघड होतं. तिथे जोशुआने आपलं वजन आणि ताकद वापरायला हवी होती, धडावर मारत आत जायला हवं होतं. ते त्याने उशिरा, ऑगस्ट २०२२ च्या जेद्दाहमधल्या परतीच्या लढतीत केलं. नवव्या फेरीत उसिकला हलवलंही, आणि तरी विभागून आलेल्या निकालात हरला. मला वाटतं, दिरियाचं यश त्याच्या मनात नियमासारखं बसलं: सुरक्षित राहिलो की जिंकतो. जूनच्या आधीचा जोशुआ, ज्याने २०१७ मध्ये वेम्ब्लीवर सहाव्या फेरीत खाली जाऊनही अकराव्या फेरीत व्लादिमिर क्लिच्कोला थांबवलं, तो नंतर पूर्ण कधी परत आला नाही. दिरियावर टीका करायचीच असेल तर ती अशी करा.

त्या रात्रीच्या खेळातही मला एक उणीव दिसते. दहाव्या फेरीपासून रुइझ दमला होता, हात खाली येत होते. तेव्हा जोशुआने दोन ठोशांऐवजी तीन-चार मारून मग बाहेर पडायला हरकत नव्हती. फेरीला नऊ ठोसे लावून जिंकता येतं, पण थकलेल्या माणसासमोर चौदा लावता आले असते, धोका फारसा न वाढवता. कदाचित रेफरीने लढत थांबवलीही असती. कोपऱ्यातून आणि गुणांवरून आपण खूप पुढे आहोत हे माहीत असताना त्याने जोखीम घेतली नाही, हे मी समजू शकतो. पण मी कोपऱ्यात असतो तर अकराव्या फेरीत तेवढं मागितलं असतं.

आता मुलांचं. आपल्याकडे शिकणारी पोरं तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या खेळतात. तिथे बारा फेऱ्यांचा संयम उपयोगाचा नाही. पहिली फेरी हातून गेली की वेळच उरत नाही. त्यामुळे दिरियाची लढत दाखवून ‘असं खेळा’ म्हणणं चुकीचं. पण तिच्यातल्या दोन गोष्टी कोणत्याही वयात शिकाव्यात. एक, ठोसा मारल्यानंतर पाय कुठे आहेत हे बघणं. आमच्या सरावात मुलं जोडीने ‘एक-दोन आणि बाहेर’ करतात तेव्हा मी हातांकडे बघत नाही. दुसऱ्या ठोशानंतर मागचा पाय आधी हलला की पुढचा, बाहेर पडताना हनुवटी वर आली का, एवढंच बघतो. दुसरी गोष्ट, हरलेली लढत जोडीदाराबरोबर थांबवत-थांबवत पाहणं आणि पहिला ठोसा लागण्याच्या आधीचे तीन सेकंद शोधणं. मुलं नेहमी ठोसा दाखवतात. त्यांना मागे न्यावं लागतं: अजून मागे, अजून थोडं, हां, इथे तुझे पाय बघ.

जोशुआ-रुइझच्या दोन्ही लढती एकामागोमाग लावून हे करून बघा. जूनची तिसरी फेरी, मग डिसेंबरची आठवी. दोन्हीकडे रुइझ आत शिरतो आणि त्याचे हात लागतात. त्यानंतर जोशुआचे पाय कुठे जातात ते पाहा.